खाड्याचे पैसे मी मागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ३४, पुण्यात नोकरी, दर जानेवारीला पाच संकल्प करता, वजन कमी करायचं, पहाटे पाचला उठायचं, जर्मन शिकायचं, दर महिन्याला बचत करायची आणि रोज वीस पानं वाचायची, त्यासाठी नवीन डायरी पण आणता, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत पाचही बारगळलेले असतात. तर एखादी गोष्ट ठरवून ती शेवटापर्यंत न्यायची कशी.

मी काही कोच बिच नाही हे आधीच सांगतो. मी पिग्मी एजंट आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका पतसंस्थेचा, २६ वर्षं झाली. दुपारी चार ते रात्री नऊ अशी माझी फेरी असते, सव्वाशेच्या आसपास खाती, टपऱ्या, हातगाड्या, सलून, टेलर, भाजीवाले, दोन मेडिकल आणि एक दातांचा डॉक्टर. आता तुम्ही म्हणाल पिग्मीवाल्याचा आणि ध्येयाचा काय संबंध, तर माझं कामच ते आहे हो. माणूस काहीतरी मनात धरतो, त्यासाठी रोज एक रक्कम ठरवतो आणि मी रोज त्याच्या दारात जाऊन बघतो की ठरवलेलं टिकलंय का सुटलं. ठरवताना माणसाचा चेहरा कसा असतो आणि मोडताना कसा असतो ते मी दोन्ही बघितलंय, आणि मोडणारे जास्त बघितलेत.

शहरातल्या नवीन मुलांना पिग्मी माहीत नसते म्हणून दोन ओळी. रोज थोडे पैसे, एजंट दुकानात येऊन घेऊन जाणार, मुदत संपली की व्याजासकट परत. याची सुरुवात आपल्याकडची नाही, कर्नाटकातल्या उडुपीची. टी. एम. ए. पै वगैरे मंडळींनी १९२५ साली तिथं बँक काढली, पुढं तीच सिंडिकेट बँक झाली (आता ती पण कॅनरा बँकेत विलीन झाली, २०२० ला), तर त्या बँकेनं १९२८ साली पिग्मी सुरू केली, रोज दोन आणे सुद्धा घ्यायचे. त्या काळात दोन आण्यासाठी घरी माणूस पाठवायचा म्हणजे लोक हसले असतील. पण त्यातली मेख बघा, त्यांनी रक्कम ठरवली ती ज्याच्याकडं सगळ्यात कमी आहे त्याच्याकडं बघून ठरवली. ही गोष्ट मला स्वतःला कळायला धंद्यातली सात-आठ वर्षं गेली.

सुरुवातीला मी काय करायचो, तर नवीन खातं उघडताना रक्कम जेवढी मोठी सांगता येईल तेवढी सांगायचो, कारण माझं कमिशन रकमेवर. एक चहावाला होता स्टँडजवळ. पाडव्याच्या आसपास त्यानं खातं उघडलं, आणि उघडलं ते बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. गल्ला भरलेला, माणूस खुशीत, म्हणाला रोज दोनशे लिहा. मी पण खुशीत, लिहिले. त्याची दिवाळीपर्यंत टपरीच्या जागी पक्का गाळा घ्यायची तयारी, म्हणजे डिपॉझिट तरी. पहिला आठवडा दोनशे, दुसरा आठवडा दोनशे, तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दीडशे, मग म्हणाला उद्या साडेतीनशे देतो. पाचव्या आठवड्यात तो मला लांबून बघून आत वाकून स्टोव्ह साफ करायला लागला. शेवटी खातं बंद, आणि मुदतीआधी बंद केलं म्हणून आमच्या नियमाप्रमाणं व्याज नाही, वरून कपात. त्यानं शिव्या मला घातल्या, बरोबरच आहे.

हा माणूस आळशी होता का, अजिबात नाही, पहाटे साडेचारला त्याचा पहिला चहा उकळायचा. चूक एवढीच की त्यानं रक्कम बाजाराच्या दिवशी ठरवली आणि भरायची होती मंगळवारी. आमच्याकडं मंगळवार म्हणजे माशा मारायचा दिवस. तुमचं जानेवारीचं तसंच झालंय बघा. ३१ डिसेंबरला सुट्टी असते, झोप झालेली असते, थंडी छान असते, ऑफिसात पण निम्मी माणसं रजेवर असतात त्यामुळं कामाचं टेन्शन नसतं, त्या दिवशी पहाटे पाचला उठणं आणि वीस पानं वाचणं सहज जमेल असं वाटतंच. गल्ला भरलेलाय ना त्या दिवशी.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आता कोणी नवीन खातं उघडायला आलं की मी आधी विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत सगळ्यात वाईट धंदा कुठल्या दिवशी झाला. माणूस जरा आठवतो, सांगतो, त्या दिवशी पाऊस होता, किंवा लाईट नव्हती, किंवा गावात मयत होती. मग विचारतो त्या दिवशी रात्री घरी जाताना खिशात किती होते. समजा म्हणाला शंभर. मग मी म्हणतो पन्नास लिहू? त्याला ते फार कमी वाटतं, बऱ्याच जणांना अपमान झाल्यासारखं वाटतं, "पन्नासनं काय होणार हो". पन्नासनं वर्षाला अठरा हजार दोनशे पन्नास होतात. आणि दोनशेनं त्या चहावाल्याचे झाले पाच हजार पण नाही, तेही कापून.

तर तुमच्यासाठी हा पहिला आणि खरं म्हणजे मुख्य सल्ला. गेल्या महिन्यातला तुमचा सगळ्यात बेकार दिवस आठवा. ऑफिसात साहेबानं झापलं, ट्रॅफिकमधे दीड तास गेला, घरी आलात तर पाणी आलेलं नव्हतं आणि पाहुणे आलेले होते, रात्री साडेदहाला तुम्ही कॉटवर पडलात. त्या माणसाला विचारा की जर्मनचं काय करू शकतोस? तो म्हणेल तीन शब्द बघतो. मग तीन शब्द लिहा. चांगल्या दिवशी तीस करा की, कोण नको म्हणतंय, माझ्याकडं पण बाजाराच्या दिवशी लोक पन्नासच्या जागी पाचशे देतात, मशीनवर तेवढ्याची पावती मारतो. पण ठरलेली रक्कम पन्नासच, दुसऱ्या दिवशी पन्नासच मागणार.

आता दुसरी गोष्ट, जी मला वाटतं पहिलीपेक्षा जास्त संकल्प मारते, ती म्हणजे खाडा भरून काढायची हौस.

एक सलूनवाला आहे, अजून माझा खातेदार आहे. रोजचे शंभर, सोमवारी सलून बंद म्हणून सोमवार सोडून. एकदा त्याच्या मुलाला डेंग्यू झाला, चार-पाच दिवस दुकान कारागिरावर, पिग्मी नाही. परत आल्यावर मी गेलो तर म्हणाला, मागचे पाचशे आणि आजचे शंभर असे सहाशे उद्या एकदम देतो. मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सहाशे जमले नाहीत, म्हणून काहीच दिलं नाही, म्हणाला उद्या सातशे. सातशे तर सहाशेपेक्षा अवघड. असं करत करत आकडा बाराशेवर गेला आणि मग मी गेलो की कारागीर सांगायला लागला, शेठ बाहेर गेलेत. आता सलूनला समोरासमोर दोन मोठे आरसे असतात हे शेठ विसरले. मागं पडद्याच्या आड ते उभे होते ते मला समोरच्या आरशातनं सरळ दिसत होते, हातात टॉवेल, चेहरा असा की शाळेत गृहपाठ न केलेलं पोरगं. पन्नाशीचा माणूस हो, स्वतःचं दुकान, स्वतःचेच पैसे, स्वतःच्या मुलीसाठी साठवायचे, आणि लपतोय माझ्यापासून. मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

मी आरशाकडं बघूनच बोललो, मागचं राहू द्या, ते गेलं, आजचे शंभर आहेत का? दोन मिनिटं काही नाही. मग पडदा सरकला. शंभर दिले. दुसऱ्या दिवशी पण दिले.

त्या दिवसापासून मी नियमच केला, खाड्याचे पैसे मागायचे नाहीत आणि कोणी स्वतःहून एकदम द्यायला लागला तर घ्यायचे पण आधी म्हणायचं की हे वरचे आहेत, थकबाकी नाही. पिग्मीत थकबाकी नावाचा प्रकारच नसतो, ते कर्जात असतं. तुम्ही ध्येय घेताना ते कर्जासारखं घेता, एक दिवस चुकला की उद्या दुप्पट पळायचं, परवा तिप्पट, आणि मग शूज दिसले तरी नजर चुकवायची. तुमची ती डायरी सध्या कुठं आहे? ड्रॉवरमधे सगळ्यात खाली असणार. तो तुमचा पडदा.

माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली बाबा यावर अभ्यास झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २००९ साली ९६ जणांवर केलेला, प्रत्येकानं रोज एक साधी गोष्ट करायची, जेवणाबरोबर फळ खायचं, किंवा पाणी प्यायचं, किंवा थोडं पळायचं असलं काहीतरी, आणि ते अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण काहींना १८ तर काहींच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि मला पटलेला मुद्दा म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ते २१ दिवसांचं जे सगळीकडं सांगतात ना, ते तिनं सांगितलं की एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं, ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला कमीत कमी एकवीस दिवस लागतात म्हणून. नाकाचं ऑपरेशन आणि पहाटे उठणं याचा संबंध कोणी जोडला देव जाणे. तुम्ही बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास करत असाल तर नका करू.

असंच आणखी एक, आमच्या संस्थेत मागं ट्रेनिंग झालं, ट्रेनरनं कोट घालून सांगितलं की १९५३ साली येल विद्यापीठात ज्या तीन टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती त्यांनी वीस वर्षांत बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीनं नंतर शोधलं तर असा अभ्यास झालेलाच नाही, खुद्द येलनंच तसं सांगितलंय. लिहून ठेवणं वाईट असं नाही म्हणत मी, पण नुसतं लिहून पैसा येत असता तर माझ्याकडच्या अर्ध्या बंद खात्यांचे फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेले आहेत.

काय लिहिता त्याला मात्र महत्त्व आहे. फॉर्मवर "उद्देश" असा रकाना नाही, पण मी विचारतो आणि कार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहितो. "भविष्यासाठी", "घरासाठी", "असंच" असं ज्यांनी सांगितलं त्यांची खाती गणपतीत मोडतात. ज्यानं सांगितलं की मागच्या खोलीचा पत्रा गळतो, तो जूनच्या आधी बदलायचाय, त्याचं टिकतं, कारण त्याला रोज झोपताना तो पत्रा दिसतो. तुमचं "वजन कमी करायचं" हे "भविष्यासाठी" आहे. जर्मन कशाला शिकायचंय तुम्हाला, कंपनी पाठवणार आहे, का कोणीतरी शिकतंय म्हणून? रागावू नका, पण हा प्रश्न मी चारचौघात नाही विचारत, तुम्ही एकट्यानं स्वतःला विचारा. एक पोरगा माझ्याकडं स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पैसे टाकायचा, दर महिन्याला खाडे वाढत गेले, शेवटी कळलं की क्लास वडिलांना हवा होता, त्याला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचं होतं. त्याच खात्यावर मी पेन्सिलीनं लिहिलेलं खोडून "दुकान" लिहिलं. नंतर त्यानं खाडा पाडला तो फक्त लग्नाच्या दिवशी.

गणपतीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. खाती कधी मोडतात हे मला महिना सांगून येतं. जूनमधे शाळा सुरू होताना, गणपतीत, आणि लग्नसराईत. एकदम नवीन संकट येऊन खातं मोडलं असं दहात एकदा होतं, बाकी नऊ वेळा दरवर्षी येणारी गोष्ट दरवर्षीसारखी आलेली असते आणि माणूस म्हणतो, अचानक खर्च निघाला. गणपती अचानक येतात का? कॅलेंडरात छापलेले असतात. तुमचे पण गणपती ठरलेले असणार, ऑफिसचं क्वार्टर एंड, गावाकडची जत्रा, मुलाची परीक्षा, दिवाळीचा फराळ. ते आत्ताच बघून ठेवा आणि त्या आठवड्यात काय करायचं ते आत्ताच ठरवा. मी तर खातेदाराला सांगतो की गणपतीचे दहा दिवस पन्नासचे दहा करू. बंद नाही, दहा. बंद पडलेलं खातं परत उघडायला माणसाला लाज वाटते, दहाचं पन्नास करायला वाटत नाही.

यावरून इस्त्रीवाल्या मावशी. त्यांचे रोजचे वीस रुपये, २०१६ पासून. वर्षाला सात हजार तीनशे. मुलीला नर्सिंगला घालायचं हा उद्देश, पेन्सिलीनं लिहिलेला आहे अजून. २०२० च्या मार्चमधे लॉकडाऊन लागला, माझी फेरी बंद, मावशींचं काम बंद, कारण लोक घरातच, कपड्यांना इस्त्री कोण करतंय. जूनमधे मी परत फिरायला लागलो तेव्हा मनात धरूनच गेलो होतो की हे खातं गेलं, काढून घेतील, आणि घेतलं असतं तरी चूक नव्हती. मावशींनी आतनं पावडरचा रिकामा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. सगळी दोन दोन रुपयांची नाणी आणि थोडी एकएकची. म्हणाल्या, वीस होत नव्हते, मग रोज दोन टाकत होते, तुम्ही याल तेव्हा घोळ नको. मोजले, एकशे चौतीस निघाले. मी बोटावर हिशेब केला, २५ मार्च ते मे अखेर अडुसष्ट दिवस, म्हणजे एकशे छत्तीस व्हायला पाहिजेत. मावशी म्हणाल्या, एक खाडा झालाय, कुठला ते आठवत नाही आता.

एकशे चौतीस रुपयांनी नर्सिंगची फी भरत नाही हे मला पण कळतं. पण जूनच्या त्या दिवशी मी मशीन काढलं तेव्हा मावशी म्हणाल्या उद्यापासून पाच घ्या, आणि सप्टेंबरपर्यंत परत वीसवर आल्या. मुलगी आता शिकतीये, फी काही नुसत्या पिग्मीतनं नाही भरली, कर्ज पण आहे, पण ॲडमिशनच्या वेळी पहिला हप्ता कोणापुढं हात न पसरता भरला.

मशीनवरनं आठवलं. पूर्वी कार्ड असायचं, रोज चौकोनात आकडा आणि माझी सही. आता हातातलं मशीन, पावती निघते, लोक पावती चुरगाळून टाकतात. आणि आता तर गल्ल्यात नोटाच नसतात, सगळं क्यूआरवर, मी पण क्यूआर घेऊन फिरतो. पण कार्ड होतं तेव्हा खाडे कमी पडायचे असं माझं मत आहे, कारण भरलेले चौकोन दिसायचे. माझ्या तीन-चार जुन्या खातेदारांना मी अजून घरून कार्डं आखून देतो. तुम्हाला ॲप वगैरे नको, घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्यावर आपल्या आया दुधाचे खाडे लिहितात, सिलिंडर कधी लावला ते लिहितात, कामवाली कधी आली नाही ते लिहितात. त्यात कधी चूक होत नाही. तिथंच तारखेखाली एक टिंब द्या. डायरी बंद करून ठेवता येते, कालनिर्णय नाही ठेवता येत.

आणि रक्कम वाढवायची कधी, हा प्रश्न येणारच. आज नाही. माझ्याकडं जो खातेदार टिकतो त्याला मी दिवाळीच्या आधी विचारतो, दिवाळीनंतर दहा रुपये वाढवू का? आज वाढवू का म्हटलं तर नाही म्हणतात, दिवाळीनंतर म्हटलं की बहुतेक हो म्हणतात आणि मी लगेच लिहून घेतो. मला वाटायचं ही माझी युक्ती आहे, तर मुलीनं सांगितलं की थेलर नावाचे प्राध्यापक आहेत, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय २०१७ ला, त्यांनी आणि बेनार्त्झी म्हणून दुसऱ्या एकानं अमेरिकेत एका कारखान्यातल्या कामगारांना हेच सांगितलं होतं, की आत्ता काही कापू नका, पुढच्या पगारवाढीपासून थोडं थोडं जास्त कापू, आधी सही करा. साडेतीन टक्के बचत करणारे चाळीस महिन्यांत साडेतेरा टक्क्यांच्या पुढं गेले. म्हटलं त्यांना नोबेल आणि आम्हाला अडीच टक्के कमिशन.

कोणी म्हणेल आता ऑटो डेबिट आहे, एजंट कशाला. खरंय. तुमच्या पाच संकल्पांपैकी बचतीचं जे आहे त्याला माझा सल्ला तोच आहे, पगार झाला की दुसऱ्या दिवशी आरडीला आपोआप जाऊ द्या आणि संकल्पांच्या यादीतनं बचत काढून टाका, त्याला मनाची ताकद खर्चू नका. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय पण नोकरदाराला पिग्मीची गरज नाही. मात्र वजनाला ऑटो डेबिट नाही, तिथं कोणीतरी दारात यावं लागतं. गावभर सांगू नका, स्टेटस ठेवू नका, एकच माणूस बघा जो रोज ठरलेल्या वेळी विचारेल आणि ज्याला खाडा सांगताना तुम्हाला भीती वाटणार नाही. बायकोला शक्यतो हे काम देऊ नका, तिला आधीच बरीच कामं आहेत आणि आठ दिवसांत भांडण होतं. ऑफिसमधला डबा खाणारा दोस्त बरा.

माझं स्वतःचं पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शिस्तीचा. २०११ ला मी सायकल सोडून मोटरसायकल घेतली आणि फेरीत प्रत्येक जण चहा पाजतो, दिवसाला आठ-नऊ चहा, साखरेचे. पाच-सहा वर्षांत शुगर निघाली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट असते ती ८.४. घाबरलो आणि त्याच रात्री संकल्प केला, रोज पहाटे दहा किलोमीटर. तीन हजार दोनशेचे शूज आणले. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी पाऊस, तेराव्या दिवशी म्हटलं उद्या वीस चालू. मी, जो रोज दुसऱ्यांना सांगतो मागचं सोडा म्हणून, तो मी. ते शूज भाच्यानं फाडले.

मग एक दिवस फेरीत डोक्यात आलं की आपण आपल्याला खातेदार म्हणून कधी बघितलंच नाही. माझा सगळ्यात वाईट दिवस कुठला, तर महिनाअखेर, भरण्याचा हिशेब जुळत नाही तो दिवस. त्या दिवशी किती चालू शकतो, तर एक गल्ली. शेवटच्या गल्लीत माझी चौदा दुकानं आहेत, गाडी कोपऱ्यावर लावायची आणि ती गल्ली पायी करायची, जाऊन येऊन वीस मिनिटं. वेगळी वेळ काढायची नाही, वेगळे शूज नाहीत, चप्पलवर. दारात येणारा माणूस पण फुकट मिळाला, कारण गल्लीच्या तोंडाचा पानवाला रोज बघतो गाडी कुठं लावली ते, आणि नाही लावली तर ओरडतो. वर्षभरानं दोन गल्ल्या झाल्या, आता तीन आहेत. चहा बिनसाखरेचा. टेस्ट ६.९ आली, गोळ्या चालूच आहेत, डॉक्टर त्या बंद करा म्हणालेले नाहीत आणि मी पण हट्ट धरला नाही.

आता तुमच्या यादीकडं येतो. बचत ऑटो डेबिटला गेली. उरले चार. मी एका माणसाला एका वेळी एकच नवीन खातं उघडून देतो, दुसऱ्याचा फॉर्म मागितला तर म्हणतो पहिल्याला शंभर दिवस होऊ द्या. म्हणून चारातलं एक निवडा, ज्याचा पत्रा तुम्हाला रोज रात्री गळताना दिसतो ते. वजन असेल तर वजन. मग जेवणानंतर सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन यायचं, एवढंच, पाऊस असला तर जिन्यात. कालनिर्णयवर टिंब. वाचन आणि जर्मन यांना सध्या यादीतनं सुट्टी द्या, कंटाळा आला तर वाचा की, कोण अडवतंय.

पहाटे पाचचं मात्र कायमचं खोडा असं माझं मत. पाचला उठून करणार काय हे तुम्ही प्रश्नात कुठं लिहिलेलंच नाही, मी दोनदा वाचला.